गाडीचा हीटर गार वारा का देतो?



निफाड, धुळे, जळगाव या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट कशी बोचते, हे तिकडच्या मंडळींना सांगायला नको. द्राक्षबाग राखण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, अशी ती थंडी. अशा वेळी माल घेऊन बाजार समितीकडे निघालेल्या गाडीची काच आतून धुरकटते, समोरचा रस्ता दिसेनासा होतो. हीटर लावावा, तर त्यातून गारच वारा येतो! पुष्कळ जण म्हणतात, "जाऊ द्या हो, दोन महिन्यांची तर थंडी. घोंगडी घेऊ अंगावर." पण मंडळी, ही गोष्ट जाऊ देण्यासारखी नाही. गार पडलेला हीटर हा पुष्कळदा इंजिनाने पाठवलेला निरोप असतो, आणि तो बहुधा पाण्याविषयी असतो.

असे का, हे कळण्यासाठी हीटरचे काम आधी पाहू. आपल्या घरची चूल डोळ्यांपुढे आणा. भाकरी चुलीवर भाजते आणि शेजारच्या वैलावर आमटी ऊन राहते. वैलाला वेगळे जळण घालावे लागत नाही. पेट्रोलच्या वा डिझेलच्या गाडीचा हीटर म्हणजे इंजिनाचा वैलच. इंधन जळून जी उष्णता होते, तिच्यातला बराच मोठा भाग चाके फिरवण्याच्या कामी येत नाही. काही धुराबरोबर जाते, काही इंजिनाभोवती फिरणारे पाणी वाहून नेते. हे पाणी रेडिएटरमध्ये निवते. त्यातलेच थोडे ऊन पाणी दोन रबरी नळ्यांनी डॅशबोर्डामागे नेलेले असते. तिथे एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्याच्यावरून हवा फुंकतो, ती तापून आपल्या अंगावर येते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत मात्र ही व्यवस्था निराळी असते. त्यांचा विचार आज नको.

आता दोष कसा हुडकायचा? क्रमाने चला, म्हणजे घोटाळा होत नाही.

पहिला प्रश्न, वारा येतो का? मुळीच येत नसेल, तर फ्यूज किंवा पंख्याची मोटर पाहावी. वारा येतो पण गार येतो, तर पुढे चला.

दुसरा प्रश्न, इंजिन तापले आहे का? सुरू केल्याबरोबर ऊन वारा मागू नये. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही उष्णतेचा काटा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. ही एक झडप असते. तिच्यात मेण भरलेले असते. पाणी साधारण ८० ते ९० अंश सेल्सियसला पोहोचले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. झडप उघडीच अडकली, तर पाणी सारखे निवत राहते. मग हीटर गार, इंजिन गार, आणि इंधनही जास्त खाते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पाणी पुरेसे आहे का? हे पाहायचे ते सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. बॉनेटखालच्या डब्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात; पातळी त्यांच्यामध्ये हवी. पाणी कमी झाले की हीटरमध्ये हवा अडकते आणि तो गार पडतो. कधी डॅशबोर्डामागे खळखळ ऐकू येते. चालत्या गाडीत हीटर एकाएकी गार झाला आणि काटा वर चढू लागला, तर गाडी बाजूला घेऊन तत्काळ बंद करा. 'बाजारापर्यंत जाऊ' म्हणालात, तर इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि हंगामाची कमाई गॅरेजात जाते.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गरम इंजिनाचे टोपण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. टोपण फिरवताच दाब उतरतो, पाणी एकदम उकळते आणि तोंडावर उडते. शिक्षक बंधुभगिनींनो, दाब आणि उत्कलनबिंदू शिकवताना कुकरच्या जोडीला हेही उदाहरण वर्गात अवश्य सांगा.

पाणी नुसते भरून थांबू नका. ते गेले कुठे, ते शोधा. नळीला चीर असेल, पंप ठिबकत असेल. गाडीत गोडसर वास, पायाखाली ओल आणि काचेवर तेलकट थर असेल, तर हीटर कोअरच फुटला असे समजा. सांडलेले कूलंट चवीला गोड पण विषारी असते. कुत्रे वा गुरे ते चाटणार नाहीत, अशी काळजी घ्या.

चौथा प्रश्न, पाणी ठीक आहे, मग अडते कुठे? इंजिन तापवून बंद करा आणि हीटरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावा. दोन्ही चांगल्या गरम असतील, तर हवेची वाट बदलणारी डॅशबोर्डामागची झडप अडकली असावी. एक गरम आणि दुसरी कोमट असेल, तर हीटर कोअर तुंबला किंवा पाण्याची चावी बंद राहिली. दोन्ही गार असतील, तर पाणी, अडकलेली हवा किंवा पंप यांच्याकडे वळा. ही हवा काढण्याची तऱ्हा गाडीगणिक निराळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

हीटर कोअर तुंबतो कशाने? पुष्कळदा विहिरीच्या जड पाण्याने. पाणी तापवायच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो या बारीक नळ्यांतही बसतो. अडीअडचणीला साधे स्वच्छ पाणी चालेल, एरवी गाडीला सांगितलेले कूलंटच शुद्ध पाण्यात मिसळून घालावे.

तेव्हा मिस्त्रीकडे जाल, तेव्हा नुसते "हीटर चालत नाही" असे सांगू नका. काटा कुठे होता, पाणी किती होते आणि कोणती नळी गरम होती, एवढे सांगा. त्याचा अर्धा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.