दाढ काढण्याचा प्रसंग



आपल्या भाषेत 'दात काढणे' याचा एक अर्थ हसणे असा आहे. हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला त्याला दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याचा योग आला नसावा, असे मला नेहमी वाटते. या खुर्चीत बसलेली माणसे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. भल्याभल्यांची तेथे गाळण उडते. त्यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की माणूस जिला भितो ती गोष्ट बहुधा भिण्यासारखी नसते, आणि जिला भ्यावे तिच्याकडे त्याचे लक्षच नसते.

माझ्या एका मावशीची हकीकत सांगतो. मी तेव्हा दंतवैद्यकाचा विद्यार्थी होतो. मावशीची खालची एक दाढ किडली होती. कीड मुळापर्यंत गेली होती आणि दाढ काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण मावशी म्हणे, "अरे, शेजारच्या काकूंनी दाढ काढली आणि चार महिन्यांत त्यांना चष्मा लागला. मला अजून पोथी वाचायची आहे." लवंग झाली, कापूर झाला, दुखले की गोळी घ्यायची हेही झाले. अशी दोन वर्षे गेली. मग एके रात्री तिच्या जबड्याखालची सूज गळ्यात उतरली. जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, श्वास घेताना घरघर होऊ लागली. रात्रीच तिला इस्पितळात नेले. शस्त्रवैद्यांनी गळ्याला छेद देऊन पू काढला म्हणून मावशी वाचली. डोळे तिचे शेवटपर्यंत शाबूत होते. गळ्यावरचा व्रण मात्र ती पदराने झाकीत असे.

तेव्हा प्रथम हा डोळ्यांचाच प्रश्न निकालात काढू. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांपैकी पाचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेते. प्रत्येक बाजूच्या तंतूला तीन मोठ्या शाखा असतात: एक कपाळाकडे व डोळ्याच्या परिसराकडे जाते, दुसरी वरच्या जबड्याकडे आणि तिसरी खालच्या जबड्याकडे. दाढ ठणकू लागली की डोळ्यामागे आणि कपाळात कळा येतात त्या या एका मुळामुळे. परंतु आपण पाहतो ते या तंतूने नव्हे. दृष्टीचा तंतू वेगळा, दुसऱ्या जोडीचा. तो डोळ्याच्या मागून निघून मेंदूत जातो आणि दाढेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मग काकूंना चष्मा का लागला? चाळिशी उलटली की जवळचे दिसेनासे होते. आपण तर त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो. दाढांची वर्षानुवर्षांची हेळसांड अंगाशी येण्याचे वयही साधारण तेच. दोन पाहुणे एकाच गाडीने आले म्हणून ते एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत.

दुसरी भीती दुखण्याची. ती एके काळी अगदी खरी होती. अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी 1844 सालच्या डिसेंबरात होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य एक करमणुकीचा खेळ पाहायला गेला होता. खेळात लोकांना एक वायू हुंगवीत आणि ते हसत-बागडत. त्यांपैकी एकाच्या पायाला चांगलीच जखम झाली, पण त्याला तिचा पत्ताही नव्हता. वेल्सने ते हेरले आणि दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनमध्ये त्याने याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. तेथे रोगी ओरडला आणि बिचाऱ्याची हुर्यो उडाली. पण 1846 मध्ये त्याचाच एके काळचा सहकारी मॉर्टन याने ईथर देऊन दात काढला आणि थोड्याच दिवसांत मोठ्या शस्त्रक्रियेसाठीही तो वापरून दाखविला. आज पोट फाडून शस्त्रक्रिया होते आणि रोगी स्वस्थ झोपलेला असतो, त्याच्या मुळाशी दाढदुखी आहे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वायूचे नाव हास्यवायू! 'दात काढणे' या आपल्या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदले.

साध्या दाढेसाठी आता झोपवावे लागत नाही. लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये 1943 साली तयार झाले आणि 1948 पासून वापरात आले. आजही बहुतेक ठिकाणी भूल द्यायला तेच टोचतात. त्यात बहुधा ॲड्रेनलिनचा अंश असतो. त्याने त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून भूल अधिक वेळ टिकते व रक्त कमी जाते. टोचल्यावर मिनिटभर छातीत धडधडल्यासारखे वाटले तर ते बहुधा याच्यामुळे. घाबरू नये, पण सांगावे. वरच्या जबड्याचे बाहेरचे हाड पातळ व सच्छिद्र असते, त्यामुळे दाढेशेजारी टोचले तरी औषध मुळापर्यंत झिरपते. खालच्या दाढांचे हाड घट्ट. तेथे जबड्याच्या मागच्या टोकाशी, तंतू हाडात शिरतो त्या जागी टोचावे लागते. मग पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ सुजून लोंबतो आहे असे वाटू लागते. अर्धी जीभही जड होते. आरशात पाहावे, ओठ जागच्या जागी असतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण निम्मा घोटाळा तिच्यामुळे होतो. भुलेने दुखणे थांबते, दाब कळणे थांबत नाही. वेदना नेणारे तंतू बारीक असतात व ते लवकर बधिर होतात. दाब नेणारे जाड तंतू बरेचसे जागे राहतात. म्हणून कोणी ढकलते आहे, रेटते आहे, जबडा हलतो आहे हे सारे कळते. शिवाय हाडातून करकर असा आवाज थेट कानात जातो. हा आवाज ऐकून माणसाला वाटते, जबडाच मोडला! माझी स्वतःची अक्कलदाढ काढायची वेळ आली तेव्हा, हे सारे शेकडो लोकांना समजावून सांगितलेले असूनही, त्या आवाजासरशी मी खुर्चीचे हात घट्ट धरले. तीक्ष्ण कळ आली तर मात्र सोसत बसू नये. डावा हात वर करावा. आणखी औषध टोचता येते. पू साठून सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, हेही ठाऊक असावे. अशा वेळी डॉक्टर टोचण्याची जागा बदलतात किंवा आधी पुवाला वाट करून देतात.

दाढ 'उपटतात' असे आपण म्हणतो. वस्तुतः ती मुळ्यासारखी ओढून काढायची नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या जाडीचा तंतुमय पदर असतो, त्याच्यावर दाढ टांगलेली असते. डॉक्टर आधी हिरडी सोडवितात, मग बारीक तरफेने हे तंतू तोडतात आणि चिमट्याने दाढ पकडून बाहेर-आत हळूहळू रेटतात. हाड किंचित लवचीक असते. खाच रुंद होते आणि दाढ सुटते. अंगणात घट्ट रोवलेली खुंटी आपण हलवून हलवून सैल करतो, तसेच हे काम आहे. घाई केली की मूळ मोडते. वाकड्या मुळांची किंवा हाडात आडवी झोपलेली दाढ तुकडे करून काढावी लागते व टाकेही पडतात. ते अपयश नव्हे.

जाण्यापूर्वी काय करावे? उपाशी जाऊ नये. पुष्कळ लोक एकादशी केल्यासारखे येतात आणि सुई पाहून घेरी येऊन पडतात. साध्या भुलेसाठी हलके जेवून जावे. मधुमेहाच्या माणसाने तर जेवण आणि औषध दोन्ही नेहमीप्रमाणे घ्यावे. झोपवून काढायची असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसे उपाशी राहणे भाग आहे. आणि आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. ही सूचना मी पाया पडून करीन. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हृदयविकाराचे किंवा पक्षाघाताचे रोगी घेतात. रक्त थांबणार नाही म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्या आपणच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. दाढेचे रक्त दाबून, टाका घालून थांबविता येते. गोळी चुकल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत धरलेली गुठळी तशी थांबविता येत नाही. गोळी चालू ठेवावी की नाही हे दोन डॉक्टरांनी आपापसांत ठरवावे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे, जबड्याला पूर्वी दिलेले किरणोपचार, हृदयाची बदललेली झडप, गर्भारपण, पेनिसिलीनचे वावडे यांपैकी जे असेल ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

दाढ निघाली म्हणजे काम संपले असे रोग्याला वाटते. खरे काम तेव्हा सुरू होते आणि ते त्याचे स्वतःचे असते. रिकाम्या खाचेत रक्त भरते व त्याची गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने घातलेली पट्टी. तिच्याखाली नवे हाड व हिरडी तयार व्हायची असते. म्हणून कापसाची किंवा गॉजची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावी, दर दोन मिनिटांनी उघडून पाहू नये. थुंकू नये, लाळ गिळावी. लाळेत मिसळलेले थेंबभर रक्त वाटीभर दिसते. पहिले चोवीस तास चुळा भरू नयेत, नळीने काही ओढून पिऊ नये, गरम चहा टाळावा. ओठ बधिर आहे तोवर, म्हणजे दोन-चार तास, काही चावूही नये; ओठ चावला गेलेला कळत नाही, आणि मुलांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. विडी, तंबाखू आणि मिश्री ही या गुठळीची हाडवैरी आहेत. खायला मऊ आणि थंड. दिवस वसंताचे आहेत, तेव्हा वाटीभर आमरस संध्याकाळी खुशाल घ्यावा. पोळी उद्या, तीही दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात आणि बाकीचे दात नेहमीप्रमाणे घासावेत.

पहिले दोन दिवस दुखणे व थोडी सूज येणे स्वाभाविक आहे. पुढे ते ओसरत जायला हवे. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढले, कळ कानापर्यंत जाऊ लागली, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडे पडले आहे असे समजावे. याला कोरडी खाच म्हणतात. साध्या दाढांमागे शंभरांत दोन-पाच जणांना ती होते. खालच्या अक्कलदाढेमागे आणि धूम्रपान करणाऱ्यांत अधिक. दुखणे विलक्षण असते, पण खाच धुऊन औषधाची वात ठेवली की तासाभरात माणूस माणसात येतो. घरी गोळ्या वाढवीत बसू नये. वरची दाढ काढल्यावर प्यालेले पाणी नाकातून आले, ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही गेला नाही, किंवा अर्धा तास नव्याने दाबूनही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांना गाठावे. आणि ताप, तोंड न उघडणे, गिळता न येणे, गळ्याकडे उतरणारी सूज यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मावशीच्या घरी त्या रात्री 'उजाडल्यावर बघू' असे म्हणणारेही होतेच.

तीन-चार आठवड्यांत हिरडी खाच झाकते. हाड आतून भरायला काही महिने लागतात. रिकामी जागा तशीच ठेवली तर शेजारच्या दाढा तिच्यात कलतात व समोरची वाढून येते. म्हणून तेथे काय बसवायचे ते डॉक्टरांशी त्याच वर्षी बोलून घ्यावे. अक्कलदाढेच्या जागी मात्र काही बसवावे लागत नाही.