गोचिडीची लाळ

कुत्र्याच्या कानाच्या पाळीत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात चाचपून बघा. गडहिंग्लजच्या आसपास, जिथं घराला लागून गोठा आणि पलीकडे उसाचं रान, तिथं एखादी गोचीड हाताला लागतेच. येते तिळाएवढी, रक्त पिऊन होते शेंगदाण्याएवढी. एवढं रक्त पितेय आणि कुत्र्याला पत्ताच नाही?

ही सगळी लाळेची करामत! लाळेतला एक पदार्थ घट्ट होतो आणि गोचिडीचं तोंड कातडीत पक्कं बसतं. दुसरे पदार्थ रक्त गोठू देत नाहीत, दुखू देत नाहीत, प्रतिकारशक्तीलाही गप्प बसवतात. आणि खरी कमाल पुढेच आहे. प्यायलेल्या रक्तातलं जादा पाणी ती पोटात ठेवत नाही. दाट ऐवज ठेवून घेते आणि पाणी लाळेवाटे पुन्हा कुत्र्याच्याच अंगात सोडते!

रोग आत शिरतो तो याच लाळेतून. बबेसिया नावाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत घुसून त्या फोडतो: हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. एर्लिकिया हा दुसरा जंतू दडतो पांढऱ्या पेशींत; रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरतात, कधी नाकातून रक्त येतं.

गोचीड रोग पसरवते, हे कधी सिद्ध झालं माहीत आहे? 1893 साली. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गुरांच्या ‘टेक्सास तापा’वर ते दाखवून दिलं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो 1897 मध्ये, म्हणजे चार वर्षांनी! स्मिथ-किलबोर्नच्या प्रयोगांत तर अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांनीही गुरांना ताप दिला. आईकडून रोगाचा वारसा अंड्यातूनच आला होता.

आंबोली घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं, की 2016 पासून माणसांत आढळलेला माकडतापही गोचिडीचाच. पण ती रानातली, वेगळ्या जातीची.

आता तुमच्या कामाची गोष्ट. बबेसिया लगेच आत जात नाही. गोचीड रक्त प्यायला लागली, की मग तो तिच्या लाळग्रंथीत तयार होतो, आणि त्यात साधारण दोन दिवस जातात. एर्लिकियाला मात्र काही तास पुरतात. म्हणून कुत्रं रोज तपासा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी नको, बोटांनी चिरडू नका. आणि कुत्र्यानं खाणं सोडलं, अंग तापलं, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्या.