पोलादाच्या पोटातला प्रतिध्वनी

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, उसाच्या मळ्यांच्या मधोमध, वालचंदनगर नावाची वसाहत आहे. वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती १९३० नंतरच्या दशकात ती वाढली. तेथील यंत्रशाळेत साखर कारखान्यांची यंत्रे तर होतातच. पण पीएसएलव्ही या आपल्या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची पोलादी आवरणेही तेथे घडली आहेत. २००८ साली चांद्रयान-१ याच जातीच्या अग्निबाणाने आकाशात झेपावले. २.८ मीटर व्यासाचे हे नळकांडे मॅरेजिंग पोलादाचे असते. या पोलादात कार्बन अगदी थोडा आणि निकेल सुमारे १८ टक्के असते. आत घन इंधन जळू लागले, की वायूंचा प्रचंड दाब या नळकांड्याच्या भिंतीला सोसावा लागतो. अशी भिंत सांधताना वेल्डिंगच्या जोडात बारीकशी भेग राहून गेली तर?

याचे उत्तर अमेरिकेत ११ एप्रिल १९६५ रोजी मिळाले. तेथे सुमारे ६.६ मीटर व्यासाचे अग्निबाणाचे आवरण, तेही मॅरेजिंग पोलादाचेच, पाणी भरून दाबाखाली तपासले जात होते. ठरवलेल्या दाबाच्या निम्म्याहून थोड्याच अधिक दाबाला ते फुटून त्याचे तुकडे झाले. तुकडे जुळवून पाहिल्यावर आरंभ सापडला तो वेल्डिंगलगतच्या एका दोषात. बोटाच्या पेराएवढाच तो दोष आधीच्या सर्व तपासण्यांतून निसटला होता.

पोलादाच्या आत डोकावायचे कसे? माठ घेताना आपण टिचकी मारून ऐकतो, तोच मार्ग येथेही आहे. फक्त टिचकी फार वेगवान असते. कामगाराच्या हातात काड्यापेटीएवढा एक ठोकळा असतो. त्याला कारखान्यात प्रोब म्हणतात. त्यातील स्फटिकाला विजेचा झटका दिला, की तो सेकंदाला २० ते ५० लाख वेळा कंप पावतो. हा ध्वनी आपल्या कानांना ऐकू येत नाही. पोलादातून तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने सरळ जातो आणि वाटेत भेग लागली तर मागे फिरतो. परतलेला ध्वनी तोच स्फटिक टिपतो आणि पडद्यावर एक टोक उभे राहते. २० मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सातपट वेळ लागतो!

भेगेत हवा असते, आणि पोलादातून हवेत जाताना हा ध्वनी जवळजवळ सगळाच परावर्तित होतो. म्हणून तर भेग दिसते. पण हीच गोष्ट कामगाराला नडतेही. प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये हवेचा केसाएवढा थर राहिला, तर ध्वनी आत शिरतच नाही. यासाठी पृष्ठभागावर तेल, ग्रीस किंवा खळीसारखा लगदा लावतात.

आता प्रोब ठेवायचा कोठे? वेल्डिंगच्या अगदी डोक्यावर म्हणाल, तर तेथे पृष्ठभाग उंचसखल असतो. शिवाय भेगा बहुधा उभ्या असतात. विजेरीच्या झोतात पाटी कडेने धरली तर ती सुतासारखी दिसते, तसेच वरून येणाऱ्या ध्वनीला उभी भेग जवळजवळ दिसतच नाही. म्हणून पाचरीसारखा प्रोब वापरून ध्वनी तिरपा सोडतात: ४५, ६० किंवा ७० अंशांनी.

येथे दहावीची त्रिकोणमिती कामाला येते. पत्रा २० मिलिमीटर जाड आणि कोन ६० अंश घ्या. ध्वनी तळाला पोहोचेपर्यंत आडवा किती सरकेल? २० गुणिले टॅन ६०, म्हणजे सुमारे ३५ मिलिमीटर. तळावरून उसळून पुन्हा वर येईपर्यंत सुमारे ७०. म्हणजे जोडाच्या मध्यरेषेपासून ३५ मिलिमीटरवर प्रोब ठेवला तर जोडाचा तळ तपासला जातो, ७० वर ठेवला तर माथा; मधला भाग या दोन अंतरांच्या दरम्यान. म्हणून तपासणीआधी जोडाला समांतर अशा दोन रेषा पत्र्यावर आखतात आणि कामगार त्यांच्या मध्ये प्रोब मागेपुढे नेत, थोडा थोडा बाजूला सरकत जातो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलाच पाहिजे. शेतात पाभर चालवताना ओळ सुटू नये म्हणून जपतात, तसे. सेकंदाला १५० मिलिमीटरपेक्षा वेगाने हात हलवू नये असा एक प्रचलित नियम आहे. प्रोब किंचित डावी-उजवीकडे वळवावाही लागतो, कारण भेग आपल्या सोयीने आडवी पडलेली नसते. मग जोडाच्या दुसऱ्या बाजूने हेच सारे पुन्हा.

तासन् तास असे करताना हात चुकतो. एखादा पट्टा राहून जातो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. निर्दोष जोडातही पडदा असाच कोरा असतो! युरोपात १९७० नंतरच्या दशकात मुद्दाम दोष ठेवलेले जाड पोलादी ठोकळे अनेक देशांच्या तपासनीस पथकांकडे पाठवले गेले. त्यांच्या निष्कर्षांत मोठी तफावत आढळली.

त्यामुळे हाताला वाट दाखवण्याच्या युक्त्या निघाल्या. कोठे प्रोब नेला होता याची नोंद ठेवणारे मोजणीचे चाक प्रोबला जोडतात. काही ठिकाणी कॅमेरा हाताच्या हालचाली टिपतो आणि तपासलेला भाग पडद्यावर रंगत जातो. रंग न लागलेला तुकडा दिसला की कामगार तेथे परत वळतो. मला यात विशेष वाटते ते हे की, यंत्र भेग शोधून देत नाही, फक्त राहिलेली जागा दाखवते. टोक उठले ते भेगेमुळे की जोडाच्या कोपऱ्यामुळे, हे अजूनही कसलेला माणूसच ओळखतो.

तुम्हीही कागदावर एक जोड तपासून पाहा. पत्रा १२ मिलिमीटर जाड आहे आणि प्रोब ६० अंशांचा. माथ्यापर्यंत तपासायचे तर प्रोब मध्यरेषेपासून किती मागे न्यावा लागेल? उत्तर साडेएक्केचाळीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवे. मग ४५ अंशांचा प्रोब घेऊन तेच गणित करा आणि दोन्ही आकृत्या एकाखाली एक काढा.