छातीत दुखतंय? आधी थांबा!

जिमचा तिसराच आठवडा. ट्रेडमिलवर १० मिनिटं झाली आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. थांबले की गायब! ‘ॲसिडिटी असेल यार,’ म्हणत मी चार दिवस ढकलले. डॉक्टरांनी झापलंच. श्रमाने येणारं, विश्रांतीने जाणारं दुखणं ही अंजायनाची खूण असू शकते. कन्नड सुपरस्टार पुनीत राजकुमार एकदम फिट. २९ ऑक्टोबर २०२१ला व्यायामानंतर अस्वस्थ वाटलं आणि ४६व्या वर्षी गेला. माझी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल निघाली. पण ते तपासणीने ठरवलं, मी नाही! तेव्हा दुखलं की थांबा, डॉक्टर गाठा. थांबूनही दुखतंय, कळ हातात किंवा जबड्यात सरकतेय, घाम फुटलाय? थेट १०८ फिरवा.