यंत्रांची हजेरी

मुलांनो, एखाद्या मोठ्या इस्पितळात किंवा दहा-बारा मजली ऑफिसात तुम्ही कधी गेला असाल. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पाऊल टाकलं की गारेगार! हा गारवा कोण सांभाळतं? प्रत्येक मजल्यावरचे पंखे, एसी आणि दिवे चालू-बंद करायला माणसं ठेवली, तर बिचारी जिने चढूनच दमतील. म्हणून अशा इमारतींत यंत्रंच एकमेकांशी बोलून हे काम करतात. त्यांच्या बोलण्याचे नियम ठरलेले आहेत. त्या नियमांचं नाव बॅकनेट. चला, या भाषेतले थोडे शब्द शिकू या.

एकच भाषा कशाला?

पूर्वी प्रत्येक कंपनीची यंत्रं आपापल्या भाषेत बोलत. एका कंपनीच्या यंत्राचं दुसरीच्या यंत्राला काही कळत नसे. मग एकदा एका कंपनीचं सामान बसवलं, की पुढचंही तिच्याकडूनच घ्यावं लागे! यावर उपाय शोधायला १९८७ साली अमेरिकेत वातानुकूलन इंजिनिअरांच्या ‘ॲशरे’ या संस्थेची समिती बसली. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल न्यूमन तिचे अध्यक्ष होते. अनेक बैठका झाल्या आणि १९९५ साली बॅकनेटचे नियम प्रसिद्ध झाले. २००३ साली ते आंतरराष्ट्रीय झाले.

हजर!

या जाळ्यात बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला ‘डिव्हाइस’ म्हणतात. प्रत्येक डिव्हाइसला हजेरी नंबर असतो. हा नंबर ० पासून ४१,९४,३०२ पर्यंत कोणताही चालतो. केवढा मोठा वर्ग, नाही का? पण एका जाळ्यात दोघांना एकच नंबर देता येत नाही. वर्गात दोन मुलांचा नंबर सतरा असला तर काय होईल? बाईंनी “सतरा!” म्हटलं की दोघंही “हजर!” म्हणून ओरडतील. यंत्रांचाही अगदी तसाच गोंधळ उडतो.

यंत्रांची हजेरी घेताना एक यंत्र विचारतं, “हू-इज?” म्हणजे कोण कोण आहे? बाकीची उत्तर देतात, “आय-ॲम!” म्हणजे मी आहे, आणि माझा नंबर अमुक.

वही, पानं आणि रकाने

डिव्हाइस म्हणजे एक वही समजा. वहीतल्या प्रत्येक पानाला म्हणतात ‘ऑब्जेक्ट’, आणि पानावरच्या रकान्यांना ‘प्रॉपर्टी’. एका पानावर त्या यंत्राची स्वतःची माहिती असते. नाव काय, कुठल्या कंपनीचं, वगैरे. हे पान प्रत्येक वहीत हवंच, आणि एकच हवं.

बाकीची पानं कामाची. खोलीचं तापमान कमी-जास्त होतं, त्याचं पान ‘ॲनालॉग इनपुट’. दार उघडं की बंद, एवढीच दोन उत्तरं असली तर ‘बायनरी इनपुट’. इनपुट म्हणजे बाहेरून कळलेली गोष्ट. यंत्राला करायची असलेली गोष्ट म्हणजे ‘आउटपुट’. पंखा चालू-बंद करणं हे ‘बायनरी आउटपुट’, आणि गार पाण्याचा व्हॉल्व्ह चाळीस टक्के उघडणं हे ‘ॲनालॉग आउटपुट’.

यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘प्रेझेंट व्हॅल्यू’, म्हणजे या क्षणाचा आकडा. समजा तिथे २७ लिहिलंय. पण २७ काय? अंश की टक्के? ते सांगायला ‘युनिट्स’ हा वेगळा रकाना आहे. गणितात एकक लिहायला विसरता ना, तसं इथे चालत नाही बरं का!

कोणाचं ऐकायचं?

आता खरी गंमत. वेळापत्रक म्हणतं, “पंखा चालू.” देखभाल करणारे काका म्हणतात, “बंद.” पंख्याने कोणाचं ऐकावं? त्यासाठी आउटपुटच्या पानावर हुकमांच्या सोळा पायऱ्या असतात. पहिली पायरी सर्वांत मोठी. पहिल्या दोन पायऱ्या माणसांचे जीव वाचवण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. आठवी पायरी हाताने दिलेल्या हुकमाची. रोजचं वेळापत्रक बहुधा अगदी खाली, सोळाव्या पायरीवर असतं.

आग लागून धूर झाला, तर तो इतर खोल्यांत पसरू नये म्हणून दुसऱ्या पायरीवरून “बंद” असा हुकूम येतो. मग खालचे कितीही “चालू, चालू” म्हणोत, पंखा थांबतोच.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. काम झाल्यावर आपला हुकूम मागे घ्यावा लागतो, म्हणजे ती पायरी रिकामी करावी लागते. समजा, काकांनी एके दुपारी आठव्या पायरीवरून “एसी चालू” सांगितलं आणि ते विसरून घरी गेले. रात्री वेळापत्रक “बंद” म्हणेल, पण सोळावी पायरी आठवीपुढे काय करणार? रिकाम्या इमारतीत एसी रात्रभर चालेल आणि वीज फुकट जाईल. यंत्र हुकूम पाळतं, पण तो कधी संपला हे माणसानेच सांगायचं असतं.

आता तुम्ही ओळखा!

या तीन गोष्टींची पानं कोणती?
१. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे?
२. फ्रीजचं दार उघडं आहे का?
३. पाण्याची मोटर चालू करणं.

उत्तरं : १. ॲनालॉग इनपुट. २. बायनरी इनपुट. ३. बायनरी आउटपुट.

तिन्ही बरोबर आली? शाब्बास! आता घरातल्या आणखी पाच वस्तूंची अशी पानं तुम्हीच तयार करा आणि आई-बाबांना ओळखायला सांगा.