शिशाची राख आणि घरातली लेकरं

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं काम काही घरांच्या दारातच चालतं. कढईचं बूड झिजलेलं असलं की थेंब थेंब शिसं चुलीत ठिबकत राहतं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भाजण्याची भीती सगळ्यांना असते. त्यात पाणी पडलं तर ते उसळून अंगावर येतं, हेही काम करणाऱ्याला ठाऊक असतं.

पण ठिबकलेला थेंब थिजतो, उचलता येतो. जास्त घात करते ती शिशावर साचणारी करडी राख. पळीने काढून बाजूला टाकली की ती पिठासारखी उडते. बाबांच्या सदऱ्यावर, केसांत, चपलांना चिकटून घरात येते. रांगणारं बाळ फरशीवर हात टेकतं, तोच तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं लहान मुलाच्या अंगात भिनतं.

आफ्रिकेत सेनेगलच्या डकार शहरालगत थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथली माती बॅटऱ्यांच्या शिशाने भरलेली. लोक ती चाळून शिसं विकत आणि पोती घरातच ठेवत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली १८ मुलं दगावली.

बहुतेक वेळा मात्र काही दिसतच नाही. पोट दुखणं, बद्धकोष्ठ, फिकटपणा, चिडचिड, शाळेत लक्ष न लागणं, एवढंच. अशा मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळं होऊ नका. सरकारी दवाखान्यात घरातलं काम स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी कुठे होते ते विचारा. गूळ खाल्ल्याने शिसं निघून जात नाही. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलात ते जास्त भिनतं, म्हणून नाचणी, डाळ, पालेभाजी ताटात हवीच. गरोदर बाईने तर या कामाजवळ जाऊच नये. तिच्या हाडांत साठलेलं शिसंही बाळापर्यंत पोचतं.

ठिबकणारी कढई डागडुजी करून पुन्हा चढवू नका. आग विझवा, सगळं पूर्ण थंड होऊ द्या. मग झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे बाहेर बदला, वेगळे धुवा. ती कढई स्वयंपाकाला पुन्हा नको. आणि बॅटरी न फोडता अख्खीच विका. दोन पैसे कमी मिळतील, हे कबूल.