जुना स्टो : दुरुस्ती की मोड?

घोडेगावच्या बाजारात जनावर घेताना आधी दात बघतात. ट्रेकच्या जुन्या पितळी स्टोची आधी टाकी बघा. ती रिकामी करून पंप मारा, सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बर्नरच्या छिद्रातून हवा जाणारच. पण टाकीच्या सांध्यातून फुगे आले तर स्टो सरळ मोडीत घाला. डाग दिलेला सांधा दाबाखाली पुन्हा उसवला, तर रॉकेल थेट ज्योतीवर येईल!

पंप दाबच धरत नसेल तर चामडी वायसर सुकलाय. तेलात भिजवा, नाहीतर बदला. पिन मारून मारून निपलचं छिद्र मोठं झालं की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते. निपल नवा घाला. एवढ्यासाठी नवा स्टो नको.

आणि बंद तंबूत किंवा रूमवर तो पेटवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.